माणसांचं वय आणि पाइपांचं वय

नाशिकरोडच्या एका तरुणाने विचारलंय, की माझे आजोबा म्हणतात कुंभाच्या नावाने एवढे रस्ते-पूल कशाला, त्यापेक्षा दवाखाना नीट चालवा. तर समाजात म्हातारी माणसं वाढली की सरकार पुढच्या पिढीसाठीचा खर्च कमी करतं का, जपानचं झालं तसं आपलं होईल का, आणि नाशिकने आत्ता काय करायला पाहिजे?

मी ३४ वर्षं पाणीपुरवठा आणि रस्त्यांच्या कामात आहे, आधी सरकारी नोकरी केली आणि आता डीपीआर, म्हणजे प्रकल्पांचे सविस्तर अहवाल, करून देतो, त्यामुळे माझं उत्तर पुस्तकातलं कमी आणि साइटवरचं जास्त असेल. जरा लांब होईल, पण विषयच तसा आहे.

आधी थोडे आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात तेव्हाच ९.९ टक्के. सरकारी तज्ज्ञ गटाचा अंदाज महाराष्ट्रासाठी २०२१ ला ११.७ आणि २०३१ ला १५ टक्के असा आहे, म्हणजे दर सात माणसांत एक साठीच्या पुढचा. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा प्रजनन दर १.७ निघाला, लोकसंख्या आहे तिथे टिकायला साधारण २.१ लागतो. म्हणजे हे उद्याचं नाही, चालू झालंय. नाशिकमध्ये ते पटकन दिसत नाही कारण धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तरुण पोरं कामाला येतच असतात, त्यामुळे सरासरी तरुण दिसते, पण सकाळी कॉलेज रोडला, गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकला एक चक्कर मारा आणि मग तरुण वस्तीच्या पाथर्डी फाट्याला जा, एकाच महापालिकेत दोन वेगळी शहरं आहेत हे लगेच कळेल.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगतो. पाणीपुरवठ्याची योजना करताना आम्ही ३० वर्षं पुढची लोकसंख्या काढतो, त्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत, मागच्या जनगणनांची वाढ घ्यायची, ती पुढे ओढायची, माणशी रोजचं १३५ लिटर धरायचं, गळती धरायची, झाला पाइपचा व्यास. इतक्या वर्षांत मी किती डीपीआर केले असतील, पण एकातही मला कोणी विचारलं नाही की ही जी २०५५ ची माणसं तुम्ही धरलीत ती किती वयाची असतील. डोकी मोजतो आम्ही, वय मोजत नाही. आणि पाणीपट्टीचा हिशोब मांडताना गृहीत धरतो की प्रत्येक डोकं कमावतं आहे किंवा कमावणाऱ्याच्या घरात आहे. सत्तर वर्षांचा एकटा राहणारा माणूस पाणी तेवढंच वापरतो, गटारही तेवढंच लागतं, पण दरवर्षी ५-१० टक्के दरवाढ सोसायची त्याची ताकद नसते. योजनेच्या कागदावर ह्यासाठी रकानाच नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. नाशिकमध्ये माणसांचं वय आणि पाइपांचं वय एकत्रच वाढलंय. सातपूरची एमआयडीसी साठच्या दशकातली, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना त्याच दशकातला, सिडकोच्या योजना सत्तर-ऐंशीच्या, महापालिका झाली १९८२ ला. तेव्हा विशी-पंचविशीतली पोरं इथे आली, शिफ्टमध्ये कामाला लागली, घरं घेतली, आणि त्यांच्याच घरांसाठी तेव्हा पाइप टाकले, गटारी केल्या, जलकुंभ बांधले. ती पोरं आज सत्तरीत आहेत आणि जिथे बदलले नाहीत तिथले पाइप चाळीस-पन्नाशीत. गंगापूर धरण तर साठीच्याही पुढचं, मूळ ७.२ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण होती ती गाळाने ५.६ च्या आसपास आलीय. म्हणजे औषधपाण्याचा खर्च आणि दुरुस्तीचा खर्च एकाच दशकात दारात येतोय, आणि दोन्हीसाठी खिसा एकच आहे. शहर टप्प्याटप्प्याने वाढलं असतं तर दुरुस्त्याही टप्प्याने आल्या असत्या, पण एका दमात वसलेलं शहर एका दमातच म्हातारं होतं.

जपानकडे आता ह्या नजरेने बघा. तिकडे ६५ च्या पुढची माणसं २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. सगळे सांगतात की जपानने पायाभूत सोयींवर कमी खर्च केला वगैरे, पण मुळात नव्वदच्या दशकात त्यांनी मंदीतून बाहेर यायला प्रचंड रस्ते-पूल-बोगदे बांधले होते, अडचण नंतर आली, ते सांभाळायची. २ डिसेंबर २०१२ ला सासागो बोगद्यात छताचे काँक्रीट स्लॅब गाड्यांवर कोसळले, ९ माणसं गेली. बोगदा १९७७ चा, म्हणजे जेमतेम ३५ वर्षांचा. त्यानंतर २०१४ पासून त्यांनी प्रत्येक पूल आणि बोगदा दर ५ वर्षांनी जवळून तपासायची सक्ती केली, आणि तपासल्यावर काय कळलं, तर लहान गावांकडे दुरुस्तीला ना पैसा ना इंजिनिअर. काही पूल त्यांनी सरळ बंद केले, काही पाडले. २८ जानेवारी २०२५ ला टोकियोजवळच्या याशिओ गावात भर चौकात रस्ता खचला, खालची सांडपाण्याची मोठी वाहिनी गंजून फुटलेली, एक ट्रक त्यात गेला, ड्रायव्हर ७४ वर्षांचा होता, त्याला वाचवता आलं नाही. आजूबाजूच्या १२ लाख लोकांना सांगावं लागलं की आंघोळ-कपडे कमी करा, सांडपाणी कमी सोडा. ती वाहिनी १९८३ ची होती. आपल्या महापालिकेपेक्षा एक वर्षाने लहान. ती बातमी वाचली त्या रात्री मला खरंच झोप नव्हती, कारण कुठल्या रस्त्याखाली किती जुनं काय आहे हे मला माहितीये.

तर लोकसंख्या म्हातारी झाली की सरकार खर्च करणं बंद करतं का, तर नाही, असं सरळ बंद कोणी करत नाही. होतं असं की बजेटमध्ये पगार, पेन्शन आणि व्याज हे आधी जातात कारण ते देणं बांधील असतं, मग आरोग्य आणि वेगवेगळी अनुदानं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. मग उरलेल्यात नवीन पूल आणि जुन्याची देखभाल ह्यांची मारामारी, आणि त्यात नवीन पूल जिंकतो, कारण त्याचं उद्घाटन असतं. व्हॉल्व्ह बदलला ह्याचं उद्घाटन होत नाही. म्हणजे पहिली कात्री देखभालीला लागते, आणि ती लागलेली १०-१५ वर्षं कोणाला दिसतही नाही. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला तेव्हा सगळ्या राज्याला एकदम स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द कळला. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला, ते काम कौतुकाचंच होतं, पण नवा बांधायला जी धावपळ होते तिचा दहावा हिस्सा जरी जुना सांभाळायला झाली तरी मी समाधानी असेन.

इथे पेन्शनबद्दल थोडं सांगावं लागेल कारण त्यात फार गोंधळ असतो. नाशिकमध्ये निवृत्त माणूस म्हटलं की लोकांना नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधला किंवा सरकारी खात्यातला डोळ्यासमोर येतो, महागाई भत्त्यासकट पेन्शन घेणारा. तो आहेच, आणि त्याचा भार केंद्र किंवा राज्याच्या तिजोरीवर आहे, मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा आठवडाभर संप झाला तो ह्याच मुद्द्यावर. पण सातपूर-अंबडच्या खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेला कामगार ईपीएस-९५ ह्या पीएफच्या पेन्शन योजनेवर आहे, तिथे किमान पेन्शन महिन्याला १००० रुपये, २०१४ पासून तीच. श्रावणबाळ योजनेत १५०० मिळतात. ह्यात कोणाचं घर चालतं? ह्या माणसांचा भार कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही कारण तो त्यांच्या मुलांच्या पगारावर आहे. आईच्या डायलिसिसला आणि वडिलांच्या गुडघ्याला पैसे घालणाऱ्या पस्तिशीच्या पोराला तुम्ही घरपट्टी वाढवतो म्हटलं तर तो ओरडणारच, आणि त्याचं चुकत नाही. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आता महापालिकेच्या हातात जीएसटीच्या भरपाईनंतर स्वतःचं असं मोठं उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचंच राहिलंय, आणि बांधकामाचा पैसा शहर वाढतं तोपर्यंतच येतो. वाढ थांबली की तो झरा आटतो आणि देखभाल मात्र वाढत राहते, हे गणित नीट समजून घ्या, कारण आत्ता आपण वाढीच्या पैशावर जुनं सांभाळतोय.

आता तुमच्या आजोबांबद्दल, की म्हातारी माणसं भविष्याच्या विरोधात असतात का. अमेरिकेत जेम्स पोटेर्बा नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये दाखवलं होतं की ज्या राज्यांत ज्येष्ठांचं प्रमाण जास्त तिथे दर मुलामागे शाळेवरचा खर्च कमी. हे सगळीकडे सांगितलं जातं. पण त्याच अभ्यासातला दुसरा भाग कमी सांगितला जातो, की जिथे ज्येष्ठ आणि शाळेतली मुलं वेगवेगळ्या वंशाची होती तिथे हा परिणाम जास्त मोठा होता. मला ह्यातून जे कळतं ते असं, की प्रश्न वयाचा कमी आणि ती पोरं आपली वाटतात का ह्याचा जास्त आहे. आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमधले काका-काकू बघा, मुलगा बंगलोरला, मुलगी न्यू जर्सीला, नातवंडं व्हिडिओ कॉलवर. त्यांना तुम्ही सांगताय की २०४५ च्या नाशिकसाठी आज दोन हजार जास्त भरा. कोणासाठी भरायचे? त्यांचं २०४५ चं नाशिक रिकामं आहे. आणि तेच सिडकोत तीन पिढ्या एका रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या आजींना विचारा, त्या म्हणतील नातवाच्या शाळेचा रस्ता आधी करा, आमचं काय. त्यामुळे शहरात तरुणांना राहण्याजोगी नोकरी नसणं हा सुद्धा पायाभूत सोयींचाच प्रश्न आहे असं मी मानतो, कारण नातवंडं गेली की त्यांच्यासाठी पैसे भरायची इच्छा पण त्यांच्याबरोबर जाते.

अजून एक, जे मला एका मीटिंगमध्ये शिकायला मिळालं. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत जुनी लाइन बदलायची होती, रहिवाशांची बैठक होती, आणि विरोध सगळा साठीच्या पुढच्यांचा. मला वाटलं पैशासाठी आहे. एक बाबा उठले, चौऱ्याहत्तर वय, म्हणाले, "साहेब, काम किती दिवस?" मी म्हणालो अठरा महिने. ते म्हणाले, "म्हणजे अठरा महिने माझ्या दारात खड्डा. मी बाहेर पडणार कसा? दवाखान्यात जायचं असतं मला आठवड्याला. आणि पाणी येईल तेव्हा मी असेन का?" ह्यात भविष्याला विरोध कुठे आहे? त्रास आज, फायदा पुढे, आणि त्यांच्याकडे पुढे थोडं आहे, साधा हिशोब आहे. आम्ही मग कामाची आखणीच बदलली, एका वेळी फक्त २०० मीटर खोदायचं, त्याच आठवड्यात बुजवायचं, कनेक्शन लगेच जोडून द्यायचं, मग पुढे सरकायचं. ठेकेदार कुरकुरला, खर्च थोडा वाढला, पण विरोध संपला, आणि तेच बाबा नंतर रोज सकाळी येऊन खोली बरोबर आहे का बघायचे. ज्या शहरात ज्येष्ठ जास्त तिथे काम लहान टप्प्यांत आणि लवकर दिसेल असंच करायला लागतं.

सरकारी हिशोबात सुद्धा हीच घाई लपलेली असते, फक्त तिला डिस्काउंट रेट म्हणतात, म्हणजे पुढे मिळणारा फायदा आजच्या किमतीत आणताना दरवर्षी किती कमी धरायचा तो दर. रस्त्यांच्या प्रकल्पांचा फायदा तपासताना आपल्याकडे वर्षानुवर्षं १२ टक्के दर धरतात. ह्या दराने ३० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांच्या फायद्याची आजची किंमत साडेतीन रुपयेसुद्धा होत नाही. तोच दर ६ धरला तर १७ रुपये होते. म्हणजे आज शाळेत जाणारी पोरं चाळिशीत येतील तेव्हा त्यांना होणारा फायदा आपण कागदावर जवळजवळ शून्य धरतो, आणि हे कुठल्या म्हाताऱ्या मतदाराने केलेलं नाही, आम्हा इंजिनिअर-अर्थतज्ज्ञांनी केलंय. दुसऱ्या बाजूला केंद्र २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतंय. चांगली योजना आहे, मी विरोधात नाही, पण २०७० च्या दशकात ते फेडताना फेडणारे हात आजच्यापेक्षा कमी असतील, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालात २०५० पर्यंतच देशात साठीच्या पुढची माणसं २०.८ टक्के होतील असं म्हटलंय. त्यामुळे त्या पैशातून जे बांधू ते तेव्हा उभं असायला पाहिजे, एवढी तरी अपेक्षा धरायला हवी ना.

म्हातारपणाची बचत पायाभूत सोयींना उपयोगीही पडते, हे मात्र लोक विसरतात. आपल्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या इनव्हिटमध्ये, म्हणजे टोलच्या उत्पन्नावर चालणाऱ्या गुंतवणूक ट्रस्टमध्ये, २०२१ ला कॅनडाच्या दोन पेन्शन फंडांनी २५-२५ टक्के हिस्सा घेतला, त्यातला एक ओंटारियोच्या शिक्षकांचा. म्हणजे आपण टोल भरतो त्यातून तिकडच्या निवृत्त मास्तरांची पेन्शन निघते. मग आपल्या निवृत्तांचा पैसा आपल्या रस्त्यात का नसावा? मुदत ठेवीवर जगणाऱ्या माणसाला महापालिकेचा नीट हमी असलेला कर्जरोखा परवडेल, पण त्यासाठी आधी महापालिकेचे हिशोब असे पाहिजेत की सत्तरीतल्या माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवावा.

नाशिकने आत्ता काय करावं, तर सगळ्यात आधी कुंभ. २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, कामं जोरात चालू आहेत, आणि मी ती कामं होऊ नयेत असं अजिबात म्हणणार नाही, बारा वर्षांतून एकदाच शहराला एवढा पैसा मिळतो आणि नाशिकचे कित्येक चांगले रस्ते मागच्या सिंहस्थांनीच दिलेत. पण कुंभाचा पैसा बांधायला येतो, सांभाळायला येत नाही. घाट, पूल, मलनिस्सारण केंद्र, सगळं २०२८ नंतर महापालिकेच्या अंगावर पडणार, वीजबिलासकट. जपानमध्ये युबारी नावाचं कोळशाचं गाव होतं, १९६० मध्ये १ लाखाच्या वर वस्ती, खाणी बंद पडत गेल्या तसं त्यांनी कर्ज काढून पर्यटकांसाठी मोठमोठी आकर्षणं उभी केली, २००७ मध्ये गाव अधिकृतपणे दिवाळखोर झालं, ३५ अब्ज येनच्या वर कर्ज, आणि पुढे वस्ती दहा हजारांच्या खाली गेली, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा एकेकच उरली. नाशिक म्हणजे युबारी नाही, आपल्याकडे गोदावरी आहे, द्राक्ष आहे, कारखाने आहेत. पण सांभाळायच्या पैशाची सोय न करता बांधत जाणं हे दुखणं तेच. प्रत्येक कुंभकामाच्या किमतीचे ठरलेले टक्के दरवर्षी वेगळ्या खात्यात बाजूला पडले पाहिजेत आणि त्या खात्याला दुसऱ्या कशासाठी हात लावता येऊ नये, मी हे गेली दोन कुंभ सांगत आलोय.

आणि जे बांधतोय ते सत्तरीच्या माणसाला चालता येईल असं बांधा, त्याला वेगळा पैसा फारसा लागत नाही. पायी रस्ता ओलांडायला सिग्नलचा वेळ काढताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद. काठी घेतलेला माणूस ०.८ ने चालतो, त्याला ३० लागतात. त्या १० सेकंदांत तो दुभाजकाजवळ अडकतो आणि दोन्हीकडून हॉर्न. द्वारका किंवा मुंबई नाक्याला उभं राहून बघा, पोटात गोळा येतो. रॅम्प १:१२ चा, म्हणजे १२ फुटांत १ फूट चढाचा पाहिजे, पदपथ सलग १.८ मीटर मोकळा पाहिजे, हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, फक्त टेंडरमध्ये मोजमाप घेताना कोणी टेप लावत नाही. बसचंही तेच, सिटीलिंक २०२१ ला सुरू झाली हे शहरासाठी फार चांगलं झालं, पण थांबा आणि बसची पायरी ह्यात जे अंतर राहतं ते गुडघा बदललेल्या बाईला डोंगर असतो. जपानच्या तोयामाने २००६ मध्ये जुन्या रेल्वेलाइनवर लाइट रेल सुरू केली आणि दिवसा कमी गर्दीच्या वेळी ज्येष्ठांना १०० येनमध्ये शहराच्या मध्यात येता येईल असा पास दिला, म्हणजे माणसं बाहेर पडतात, दुकानं चालतात, आणि वस्ती लाइनच्या आसपास राहिल्याने पाइप-रस्ते पसरत नाहीत. आपण उलट दरवर्षी शहराच्या कडेला नवीन लेआउट मंजूर करतोय, प्रत्येकाला वेगळी लाइन.

शाळांच्या इमारतींचा पण विचार व्हावा. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचा विषय निघाला तेव्हा आकडा १५ हजारांच्या जवळ होता. वाडी-पाड्यावरची शाळा बंद करायला माझा ठाम विरोध आहे, पेठ-सुरगाण्याच्या पोरीला पाच किलोमीटर चालायला लावलं तर ती शाळा सोडणार. पण शहरात जिथे पट खरंच संपलाय तिथे त्याच इमारतीत सकाळी बालवाडी, दुपारी ज्येष्ठांचा फिजिओथेरपी आणि तपासणीचा वर्ग चालू शकतो. खोली तीच, पाणी-वीज तीच.

शेवटचं, आणि हे तुम्हाला स्वतःला करता येईल. महापालिकेत जुने कायम कर्मचारी निवृत्त होतायत, आणि आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार-पेन्शनचा, ३५ टक्क्यांच्या आत ठेवायच्या अटीमुळे नवी भरती वर्षानुवर्षं अडते, त्यामुळे जुन्या भागात पाइप कुठून जातो हे ज्याला पाठ होतं तो व्हॉल्व्हमन घरी बसलाय आणि नकाशावर ती लाइनच नाही. एका कामावर आम्ही दोन दिवस व्हॉल्व्ह शोधत होतो, तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका निवृत्त व्हॉल्व्हमनला बोलावलं, ते काठी टेकत आले, वडाच्या झाडापासून पावलं मोजली आणि काठी रोवून म्हणाले, "इथे. दीड मीटर खाली. उलटा फिरतो तो." तिथेच निघाला, आणि उलटाच फिरत होता. तर आजोबांना घेऊन बसा, त्यांच्या भागात पहिला नळ कधी आला, गटार कुठून जायचं, पूर कुठपर्यंत आला होता, जे जे आठवतं ते तारखेसकट लिहून घ्या, आणि त्यांच्या ओळखीत कोणी जुना व्हॉल्व्हमन, मुकादम, लाइनमन असेल तर त्यालाही गाठा. एक प्रत वॉर्ड ऑफिसला द्या आणि एक मला पाठवा, मी अशा नोंदी बऱ्याच वर्षांपासून जमवतोय.